वरच्या मळ्यात उतरलेला डीपी

ट्रान्सफॉर्मरला आमच्याकडं कुणी ट्रान्सफॉर्मर म्हणत नाही, डीपी म्हणतात. डीपी जळाला, डीपी आला, डीपी चढला, एवढ्यावर आमच्या शिवाराचा अर्धा उन्हाळा निघतो. पुण्यातल्या माझ्या मेव्हण्याला बरेच दिवस वाटत होतं की आम्ही मोबाईलवरच्या फोटोसाठी एवढे हळहळतो. त्याला एकदा गाडीत घालून आणला आणि दोन खांबांच्या मधे बसवलेली ती लोखंडी पेटी दाखवली. म्हटलं, ही जळली की मोटारी बंद, मोटारी बंद की पाणी बंद, आणि मग आम्हीही तुझ्यासारखे मोबाईल बघत बसायला मोकळे.

मी सहाचाकी ट्रक चालवतो. गाडी माझी स्वतःची. टोमॅटोच्या हंगामात नारायणगावच्या मार्केटातून क्रेट भरायचे, एरवी कांदा, द्राक्षं, कोंबड्या, जे मिळेल ते. अवघड माल कोणता असं कुणी विचारलं की त्याला वाटतं मी वजनाचं काहीतरी सांगेन. वजन गाडीनं ओढायचं असतं, त्यात माझं काय जातंय? अवघड असतात त्या कोंबड्या. उन्हात गाडी जरा थांबली की माना टाकतात. सगळ्यात अवघड गेली ती आमच्या विहारातली बुद्धमूर्ती. ती पुण्याहून आणताना वस्तीतल्या बायका मूर्तीला गाद्या लावून मागं बसल्या होत्या. वंदना म्हणत होत्या आणि प्रत्येक गतिरोधकाला मधेच थांबून मला शिव्या घालत होत्या. मूर्तीचा टवकाही उडाला नाही. तेव्हापासून वस्तीत माझ्या हाताला एक मान आला आणि तो बरीच वर्षं टिकला.

डीपी हा त्याच पठडीतला माल. आत तेल असतं, वर चिनीमातीची शिंगं असतात. आडवा घालता येत नाही, उभाच न्यावा लागतो, आणि उभा म्हणजे सगळा भार डोक्याकडं. खड्ड्यात गाडी एका अंगाला झुकली की तोही झुकतो आणि दोर करकरायला लागतात. शिंग तुटलं किंवा तेल गळायला लागलं की पुन्हा दुरुस्तीला, आणि पुन्हा रांगेत शेवटी. म्हणून डीपी आणायचा म्हणजे पहिला-दुसरा गिअर आणि डोळे आरशात.

तो आणायची आमच्याकडं एक रीत आहे. ज्या वस्तीचा डीपी, त्या वस्तीची दोन-तीन माणसं गाडीच्या हौद्यात त्याच्यापाशी बसून येतात. शेडातून उचलल्यापासून खांबावर चढेपर्यंत जागा सोडत नाहीत. लघवीला जायचं तरी आळीपाळीनं जातात. कारण डीपी रस्त्यात फिरतात. एका वस्तीसाठी निघालेला दुसऱ्याच वस्तीवर चढतो, आणि एकदा का तो चढला, त्याच्यावर लोकांच्या मोटारी फिरायला लागल्या, की मग कुणी उतरवून देत नाही. उतरवायला जाणाऱ्याला मार बसतो. हे सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून सगळेच माणसं बसवतात.

आमचा डीपी जळाला तो माझ्या धाकट्या भावाच्या पहिल्या टोमॅटोत. आमची वस्ती बोरी बुद्रुकच्या शिवारात, ओढ्याच्या पलीकडं. भाऊ चाकणला कंपनीत होता. तिथं त्याचा जीव रमेना, म्हणून नोकरी सोडून बायकोला आणि लेकीला घेऊन घरी आला. आमचं रान थोडकं, ते मी इतकी वर्षं वाट्यानं दिलेलं. भाऊ म्हणाला, "दादा, आता मी कसतो." मला फार बरं वाटलं, पण ते मी त्याला बोललो नाही. त्यानं बेड पाडले, मल्चिंगचा कागद अंथरला, ठिबक जोडलं, रोपं लावली. रोज सकाळी एकेका रोपापुढं वाकून बघायचा. मी चिडवायचो, "हजेरी घेतोस का काय रे त्यांची?" तो हसायचा. रोपांनी अंग धरलं, पहिली फुलं दिसली आणि डीपी गेला.

फुलात आलेल्या टोमॅटोचं पाणी तुटलं की फूल गळतं, त्याला दुसरा इलाज नाही. आणि भावानं बायकोला शब्द दिला होता की हे पीक हाती लागलं तर इथंच राहायचं, नाहीतर मुकाट्यानं परत कंपनीत. हे त्यानं मला सांगितलं नव्हतं, भावजयीनं सांगितलं. म्हणजे माझ्या दृष्टीनं त्या डीपीवर नुसतं पाणी अवलंबून नव्हतं, माझा भाऊ घरी राहणार की नाही ते अवलंबून होतं.

आता माझ्या मित्राचं सांगतो. त्याचं नाव मी घेणार नाही. घेतलं तर पुढं काय लिहीन याचा भरवसा नाही. तो वरच्या मळ्यातला. वरचा मळा म्हणजे ओढ्याच्या अलीकडची, रस्त्यालगतची वस्ती. शाळेत आम्ही एका बाकावर. त्याची टोमॅटोच्या रोपांची नर्सरी आहे, भावाची रोपं त्याच्याकडचीच. त्याची रोपं गावोगाव पोचवायला माझी गाडी, आणि माझ्या गाडीत शेजारच्या सीटवर तो. वाशीपासून नाशिकपर्यंत कितीतरी खेपा आम्ही गप्पा मारत केल्या. एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. आमच्या घरी पाणी पुढं केलं की गावातल्या काही माणसांना आजही नेमकी तहान नसते. हा मात्र सरळ चुलीपाशी जाऊन बसायचा, आईला म्हणायचा, "आई, भाकरी टाक." जयंतीच्या मिरवणुकीत गाडी सजवायला सगळ्यात आधी हा यायचा. माझी आई गेली तेव्हा खांदा द्यायला हा होता. त्यामुळं माणसं ओळखायच्या बाबतीत मी शहाणा आहे अशी माझी खात्री होती.

आमच्यानंतर थोड्याच दिवसांनी वरच्या मळ्याचाही डीपी जळाला. आमचा नंबर आधी लागला. कळंबच्या अलीकडं एका ठेकेदाराच्या शेडात डीपी दुरुस्त व्हायचे, तिथून निरोप आला की तयार आहे, घेऊन जा. मी आदल्या दिवसापासून मंचरकडं मालावर होतो, येता येता उचलायचं ठरलं. माझे चुलते, आम्ही त्यांना नाना म्हणतो, वस्तीतले थोरले. त्यांचा फोन आला.

"मी अन् अजून दोघं यष्टीनं येतो कळंबला. डीपीवर बसाया."

"नाना, ह्या उन्हाचं कशाला येता? मी हाये ना गाडीवर."

नाना मग म्हणाले, "व्हय, तू हायेस म्हणल्यावर काय. आपलाच माणूस."

चूक म्हणायची तर ही एवढीच. ड्रायव्हर आपलाच आहे म्हणून हौद्यात माणूस बसवला नाही.

शेडातून क्रेननं डीपी चढवला, मी स्वतः दोर आवळले, खाली वाळूची पोती लावली आणि निघालो. वाटेत मित्राचा दोनदा फोन आला, कुठवर आलास म्हणून. वारूळवाडीला तो रस्त्यावरच उभा होता. पायाशी चेनपुली. डीपी चढवायची तीन पायांची लोखंडी घोडी आणि ती चेनपुली आमच्या भागात त्याच्याचकडं होती, आमचा डीपीही त्यानंच चढवून द्यायचं ठरलं होतं. चेनपुली दुरुस्त करून घेतली म्हणाला. केबिनमधे चढला, माझ्या बाटलीतलं पाणी प्याला आणि बोलू लागला.

"तुझ्या वस्तीकडं गाडी जायाची न्हाई आज."

"का?"

"कालव्याला पाणी सुटलंय. चारी फुटली, सगळं पाणी वढ्यात. फरशीवर गुडघाभर व्हतं सकाळी. तू रिकामी गाडी बी घालू नगंस, हा तर डोकंजड माल."

ओढ्यावर आमच्याकडं पूल नाही, नुसती सिमेंटची फरशी आहे. तिच्यावरून पाणी वाहायला लागलं की खालचे खड्डे दिसत नाहीत. मी घाबरलो ते डीपीसाठी. तो म्हणाला, "माझ्या इथं उतरव. माझी घोडी हाये, चेन हाये. उद्या पाणी वसरलं का ट्रॅक्टरवर घालून तुझ्या वस्तीवर मी पोच करतो. तुला तर कांदा भरायचाय ना? मग गाडी कशाला आडकवून ठिवतो?"

मला खरंच कांदा भरायचा होता, वाशीसाठी. हे त्याला माहीत होतं, कारण मीच सांगितलं होतं. माझ्याबद्दल त्याला माहीत नाही असं काही नव्हतंच.

वरच्या मळ्यात नर्सरीच्या कडेला आम्ही डीपी उतरवला. चार विटा मांडून त्यावर ठेवला, उन्हानं तेल तापू नये म्हणून मी माझी ताडपत्रीसुद्धा त्यावर घातली. निघताना म्हटलं, भावाला सांगायला हवं. तो म्हणाला, "तू जा, मी सांगतो त्याला." मग मी कांदा भरला आणि वाशीची वाट धरली. घाटाच्या अलीकडं एकदा त्याला फोन केला. "सांगितलं रे. तुझा भाऊ म्हणला, दादाला म्हणावं काळजी नगं करू." मी निश्चिंत झालो. भावाला स्वतः फोन करावा असं मनातही आलं नाही. याच्या तोंडून गेलं म्हणजे माझ्याच तोंडून गेलं, इतकी वर्षं तसंच चालत आलं होतं.

परत आलो ते दुसऱ्या दिवशी दुपारी. वरच्या मळ्यापाशी आलो तर नर्सरीच्या हिरव्या जाळीत फवारे चालू. खांबावर डीपी. त्याला झेंडूचा हार, खाली फुटलेल्या नारळाची करवंटी. मला पहिल्यांदा काय वाटलं असेल? मला आनंद झाला. वाटलं, चला, यांचाही आला. मग कडेला नजर गेली. तिथं चार विटा होत्या, तेलाचा एक डाग होता आणि माझी ताडपत्री नीट घडी करून ठेवलेली होती.

मी गाडी थांबवली नाही. तशीच पुढं ओढ्यापर्यंत नेली. फरशी कोरडी ठणठणीत होती. तिच्यावर धूळ होती, धुळीत शेळ्यांच्या खुरांच्या खुणा होत्या, आणि बाजूच्या चारीच्या कोरड्या पाटात पालापाचोळा पडला होता. पाणी कालही नव्हतं आणि परवाही नव्हतं. मी खाली उतरून फरशीवर उभा राहिलो. मग तिथल्या दगडावर बसलो. केसानं गळा कापणं हे आपण सहज बोलून जातो. त्या दिवशी मानेला हात लावून बघावा असं वाटलं.

मग राग आला. मला राग उशिरा येतो आणि आला की आवरत नाही, ही घरची देणगी. गाडी फिरवली आणि नर्सरीत शिरलो. तो रोपांचे ट्रे लावत होता. मला बघून दचकला नाही, हे मला जास्त लागलं.

"डीपी कुणाचा?" मी विचारलं.

"आईक तर खरं."

"कुणाचा डीपी ते बोल."

"तुमचाच. न्हाई कुठं म्हणतोय मी?" त्यानं हातातला ट्रे खाली ठेवला. "माझी रोपं बघितलीस? दोन दिस अजून गेले असते तर सगळी नर्सरी जळत व्हती. लोकांना जबान दिलीय मी. तुमचा पुढच्या खेपंला येईलच की. रान काय पळून जातंय?"

"मग मला तसं सांगायचं. तोंड नव्हतं?"

"सांगितलं असतं तर उतरवला असतास?"

"न्हाई."

"मग," तो म्हणाला.

एवढंच म्हणाला, आणि तेही अगदी सरळ, हिशोब समजावून सांगावा तसं. मी त्याची गचांडी धरली. तो सोडवून घेईना, नुसता उभा राहिला. म्हणाला, "तुझ्या भावाला नवी रोपं देतो, फुकाट. परत लावू म्हणावं." मी हात उगारला होता, तेवढ्यात त्याची आई चहा घेऊन जाळीच्या दारातून आत आली. मी हात खाली घेतला. म्हातारीला काही माहीत नव्हतं. तिनं कपबशी माझ्या हातात दिली, माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "लेकरा, तू डीपी आनलास म्हून वाचलो रं. सख्खा भाऊ बी येवढं करत न्हाई."

मी तिच्यासमोर तो चहा प्यालो. तिला काय सांगणार होतो? तो माझ्याकडं बघत नव्हता. कप खाली ठेवला, ताडपत्री उचलली आणि बाहेर पडलो. त्यानंतर आजतागायत मी त्याच्याशी एक शब्द बोललेलो नाही.

संध्याकाळी विहारापुढं वस्ती जमली. तोवर सगळ्यांना कळलं होतं, पण कसं कळलं होतं ते ऐका. आमची दोन पोक्त माणसं सकाळीच वरच्या मळ्यात विचारायला गेली होती. तिथं त्यांना उत्तर मिळालं, "तुमच्याच माणसानं आणून उतरवला. विचारा त्याला. वर ताडपत्री बी त्यानंच घातली." यात खोटं काय आहे? एक अक्षर खोटं नव्हतं. आणि भावाला माझ्या मित्राचा आदल्या दिवशी फोन गेला होता की डीपी अजून तयार नाही, तुझा दादा उद्या-परवा आणणार आहे, त्याला गाडीवर फोन करून त्रास देऊ नको.

मी सगळं सांगितलं. कालवा, चारी, फरशी, कांदा. सांगता सांगता माझं मलाच ऐकू येत होतं की हे किती कच्चं वाटतंय. कोरड्या ओढ्याच्या काठावरच्या माणसांना मी ओढ्याला पाणी आहे असं ऐकून फसलो हे सांगत होतो. कुणी उलटं बोललं नाही. एकजण फक्त म्हणाला, "अरं पण घरी एक फोन टाकायचा."

पोरं उठली होती. आत्ता जाऊन उतरवू म्हणत होती. वरच्या मळ्यात डीपीला तारा जोडून देणारा गडी सरकारी वायरमन नव्हता, वायरमनच्या हाताखालचा खाजगी माणूस होता. त्याला गाठून आणू, नाही आला तर आपण उतरवू. नाना म्हणाले, "बसा खाली. तिथं जायाचं म्हंजी मारामारी. मारामारी झाली का डीपी राहिला बाजूला, अन् गावात नाव कुणाचं निघतं ते तुमाला नव्यानं सांगाय नगं." पोरं बसली. नानांनी माझ्याकडं बघितलंही नाही. दुसरा डीपी लवकर मिळावा म्हणून खेटे घालायचं ठरलं आणि सगळे उठले. मला कुणी काही म्हणालं असतं तर बरं झालं असतं. शिव्या चालल्या असत्या, त्या मूर्तीच्या वेळच्यासारख्या.

मग मी पाणी वाहायला सुरुवात केली. गाडीत दोन मोठ्या प्लास्टिकच्या टाक्या ठेवल्या आणि नदीवरून भरून आणू लागलो. पाणी हाही अवघडच माल आहे, कारण ते टाकीत हिंदकळतं आणि वळणावर गाडीला ओढतं. पण त्या दिवसांत मला गाडी सांभाळायचं सुचत नव्हतं. भाडी सोडली. रानाच्या बांधाला गाडी लावायची, पाइप सोडायचा, आणि भाऊ नि भावजय तांब्यानं एकेका रोपाला पाणी घालायची. भर उन्हात. रात्री रानात थांबायची सोय नाही, उसात बिबट्याची मादी पिल्लं घेऊन आहे हे सगळ्यांना माहीत. जेवढं व्हायचं ते दिवसा. मी मागं लागून विचारायचो, "पुरं पडलं का रे? अजून एक खेप टाकू?" भाऊ म्हणायचा, "बघ, तुला जमंल तसं." चिडला नाही. घरी आलो की आम्ही शेजारी शेजारी जेवायला बसायचो. त्याची लेक माझ्या मांडीवर. तो तिला म्हणायचा, काकाला भाजी वाढ. मी मनात म्हणायचो, सगळं जग फिरलं तरी हा माझ्या बाजूचा आहे. त्या उन्हाळ्यात मी त्या एका गोष्टीवर उभा होतो.

तांब्यानं टोमॅटो पिकत नाही. झाडं जगली, पण फुलं झडली. जी फळं धरली ती बारकी राहिली, अंगावर चिरा घेऊन. मार्केटात नेऊन दाखवायचीही लाज वाटावी अशी. ओढ्याच्या अलीकडं, वरच्या मळ्यात, त्याची रोपं भरून गाड्या जात होत्या. दुसऱ्या कुणाच्या तरी गाड्या.

आमचा डीपी आला, तेव्हा पीक संपल्यात जमा होतं. मीच आणायला गेलो. दुसरी गाडी कोण फुकट नेणार? सकाळी गाडी काढायला गेलो तर नाना आणि वस्तीतले दोघं आधीच मागं हौद्यात चढून बसले होते. मी म्हटलं, नाना, पुढं केबिनमधे या, जाताना तरी. ते म्हणाले, "हितंच बरं हाये." रिकाम्या हौद्यात पत्र्यावर बसून कळंबपर्यंत आले आणि डीपीला पाठ टेकून परत आले. रीतच आहे ती, मी मनाला सांगत होतो. पण पूर्ण रस्ताभर मी आरशात डीपीकडं कमी आणि त्यांच्या तोंडांकडं जास्त बघत होतो.

पुढच्या महिन्यात भावाला कंपनीतून बोलावणं आलं. त्यानं मला जेवताना सांगितलं, "जावं म्हणतो." मी नको म्हणालो नाही. कोणत्या तोंडानं म्हणणार? त्याचा संसार मीच गाडीत भरला. गॅसची टाकी, कूलर, गाद्या, कपाट, लेकीची छोटी सायकल. भावजय आणि लेक आदल्या दिवशी पुढं गेल्या होत्या. सकाळी आम्ही दोघंच निघालो. वरच्या मळ्यावरून जाताना दोघांनीही मान वळवली नाही. नारायणगाव गेलं, कळंब गेलं. मी उगाच बोलत होतो, चाकणच्या खोलीबद्दल, पाण्याबद्दल, लेकीच्या शाळेबद्दल. तो हूं हूं करत होता. मंचर मागं पडल्यावर त्यानं काच खाली घेतली आणि बाहेर बघत म्हणाला,

"दादा, एक विचारू? खरं सांगशील?"

"विचार की."

"तुला म्हाईत व्हतं का?"

मला आधी कळलंच नाही तो काय विचारतोय. कळलं तेव्हा समोरून एसटी येत होती, म्हणून हात स्टिअरिंगवर ठेवावे लागले.

"न्हाई," मी म्हणालो. "मला म्हाईत नव्हतं."

"बरं," तो म्हणाला.

त्या 'बरं'वर चिडावं की रडावं, मला समजेना. गिऱ्हाइकानं भाव ऐकून पुढं जाताना म्हणावं तसं ते होतं. मी म्हणालो, "अरे, मी पाणी वाहिलं तुझ्यासाठी. महिनाभर भाडी सोडली." तो म्हणाला, "व्हय ना. म्हणूनच वाटायचं कधी कधी. येवढं का करतोय हा."

चाकणला सामान उतरवलं. कपाट जिन्यावरून चढवताना त्यानं खालची बाजू धरली, मी वरची, आणि दोघंही फक्त जिन्याच्या कोपऱ्यांबद्दल बोललो. भावजयीनं जेवून जा म्हटलं. मी गाडी लांब लावलीय असं सांगून निघालो.

मित्रानं मला फसवलं ते एका दुपारी. त्याची रोपं वाळत होती, त्याला गरज होती, त्यानं डाव साधला. त्याचा मला राग येतो आणि तो राग मला झेपतो. पण माझा भाऊ सगळा उन्हाळा माझ्या ताटाला ताट लावून जेवला. मी भरून आणलेल्या पाण्याचा तांब्या माझ्या हातातून घेत राहिला, लेकीला माझ्या मांडीवर देत राहिला, आणि पोटात हा प्रश्न घेऊन होता. त्यानं मला तो पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता.